प्लेट्स तू आण

"तू प्लेट्स आण."

मैत्रेयी ताई असं म्हणाली तेव्हा तिच्या हातातलं पेन माझ्या नावापुढे टेकलेलं होतं. माझ्या वरच्या नावापुढे लिहिलं होतं, दडपे पोहे. त्याच्या वर, पुरणपोळी. त्याच्याही वर, कोलंबीचं खिचडं. मी सांगितलं होतं, वालाचं बिरडं. ते तिने लिहिलं नाही. पेन टेकलं आणि थांबलं.

शुक्रवार होता. खारघरमधल्या आमच्या लॉ कॉलेजचं कँटीन. खिडकीजवळचं लांब टेबल. एका बाजूला आम्ही नवीन सहा जणी, समोर ताया. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला घरून कुणी काय करून आणायचं, त्याची यादी चालली होती.

"आईने वाल भिजत घातलेत," मी म्हणाले.

मैत्रेयी ताईने शेजारच्या रेवा ताईकडे बघितलं. रेवा ताईने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. एवढंच. मग मैत्रेयी ताई हसली. ती छान हसते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो आहे तो त्या हसण्यामुळेच.

"अगं, काकूंना कशाला त्रास? तू प्लेट्स आण. डिस्पोजेबल. दरवर्षी कुणी आणत नाही आणि मग ऐन वेळी धावाधाव होते. सो स्वीट ऑफ यू."

मी अजून हो म्हणाले नव्हते. तिने लिहूनही टाकलं होतं. प्लेट्स. पुढचं नाव आलं. गुलाबजाम. "वॉव," कुणीतरी म्हणालं.

मला काय वाटलं? काहीच नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. असल्या लिखाणात या जागी अंगाची लाहीलाही होते, डोळे भरून येतात, मुठी आवळल्या जातात. माझं काही झालं नाही. समोर चहा होता, तो मी प्यायले. कोमट होता. साखर जास्त होती. कप परत काउंटरवर नेऊन ठेवला. सगळ्यांचे कप नेऊन ठेवले. तेही कुणी सांगितलं नव्हतं.

*

या ग्रुपचं एक इंग्रजी नाव आहे, टी-शर्टवर छापलेलं. आपसात सगळ्या त्याला 'घर' म्हणतात. फक्त मुलींचं. अर्ज करून मिळत नाही. पहिलं वर्षभर ताया मुलींना बघून ठेवतात आणि दुसऱ्या वर्षी बोलावतात. बोलावलं तर घरात यायचं की नाही ते तू ठरवायचंस. नाही म्हणालेली मुलगी मात्र मी कधी ऐकली नव्हती.

का नसावी, ते सांगते. घरातल्या प्रत्येक नवीन मुलीला एक ताई मिळते. ताई म्हणजे वरच्या वर्गातली मुलगी. ती नोट्स देते. मूटचा सराव करून घेते. मूट म्हणजे खोटा खटला, कॉलेजाकॉलेजांत त्याच्या स्पर्धा होतात. आणि मुख्य म्हणजे ताई इंटर्नशिप लावून देते. ताईचे बाबा वकील असतात, नाहीतर काका, नाहीतर मामा. लॉच्या मुलीला चांगल्या वकिलाच्या हाताखाली उन्हाळ्यात बसायला मिळालं तर पुढे रस्ता आहे. नाही मिळालं तर पदवी आहे आणि पदवी घेऊन बसायला घर आहे. आपलं खरं घर.

मी स्वतः कित्येक वकिलांना मेल पाठवले होते. गुण लिहिले, मूट जिंकल्याचं लिहिलं. एकाचंही उत्तर नाही. "मिळाला, धन्यवाद" एवढंसुद्धा नाही.

माझे बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहेत. आई अंगणवाडीत मदतनीस. आम्ही पनवेलजवळ, कोन गावाच्या पलीकडे एका गावात राहतो. गाव म्हणजे गावाच्या कडेचा बुद्धवाडा. आमच्या नातेवाइकांत वकील नाही. कोर्टाची पायरी चढलेले आहेत, पण आरोपी म्हणून किंवा साक्षीदार म्हणून.

म्हणून सोमवारी रेवा ताई लायब्ररीत माझ्या टेबलाशी येऊन वाकून म्हणाली, "तू आमच्याकडे येणारेस. मी तुझी ताई," तेव्हा मला खरंच आनंद झाला. तो मी लपवणार नाही. ती पुढे म्हणाली, "माझा मामा हायकोर्टात सीनियर आहे. मे महिना तुझा फिक्स समज." मी लायब्ररीतून बाहेर आले आणि जिन्यात दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले.

तिनेच मला घासाचं सांगितलं. नवीन मुलगी आईच्या नाहीतर आजीच्या हातचं काहीतरी डब्यात घेऊन येते. सगळ्यांसमोर तिची ताई त्या डब्यातला पहिला घास स्वतः खाते, दुसरा तिला भरवते. टाळ्या, फोटो. मग ती घरातली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला क्रिंज वाटलं होतं," रेवा ताई म्हणाली, "पण माझ्या वेळी मी रडले, यार. सिरीयसली."

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बिरडं करू." दुसरं काही तिच्या मनातच आलं नाही. इथे पाहुण्याला मानाचं काही द्यायचं तर बिरडंच. आगऱ्यांच्यात, ब्राह्मणांच्यात, आमच्यात, सगळ्यांच्यात. त्याला कष्ट लागतात म्हणून मान. कडवे वाल रात्रभर भिजवायचे. फडक्यात बांधून मोड आणायचे. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांनी दाबून सालातून काढायचा. तीस माणसांचं बिरडं म्हणजे दोन दिवस आधीपासून तयारी. बुधवारी रात्री तिने वाल भिजत घातले.

*

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची पत्रकं आठवीपासून मीच लिहिते. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द माझ्या हातून इतक्या वेळा लिहून झालेत की माझ्या सहीपेक्षा ते जास्त वळणदार येतात. पाण्याच्या टाकीवरून लिहिलं. स्मशानाच्या रस्त्यावरून लिहिलं. पंचायतीत नेऊन दिलं, बाजाराच्या दिवशी वाटलं. लोक मला 'पत्रकवाली' म्हणतात. चिडवायला म्हणतात पण मला आवडतं.

आणि ही पत्रकवाली त्या टेबलाशी बसून म्हणाली, "चालेल."

पत्रकात समोर 'प्रशासन' असतं, 'मनुवादी प्रवृत्ती' असते. ती हसत नाही. ती 'अगं' म्हणत नाही. तिच्या मामाकडे तुझा मे महिना नसतो.

कँटीनमधून बाहेर पडताना रेवा ताई माझ्याबरोबर गेटपर्यंत आली. मी काही विचारलं नव्हतं.

"तुला राग नाही ना आला? तसं काही नाहीये गं. आमच्यातल्या काही जणी प्युअर व्हेज आहेत. तुमच्याकडे भांडी एकच असतात ना, म्हणून. मला पर्सनली काही नाही."

"नाही, ठीक आहे," मी म्हणाले.

कोलंबीचं खिचडं माझ्या कानावरून गेलं होतं. यादीत माझ्या वर तीन ओळी. ते मी ऐकलं नाही असं धरलं. डोक्यात एक दार असतं, ते मी हळूच ओढून घेतलं. ते कसं ओढायचं ते मला येत होतं. कधी शिकले ते माहीत नाही.

*

घरी आले तर आई परातीसमोर बसली होती. गुडघ्यात पातेलं, त्यात कोमट पाणी, मोड आलेले वाल. पाण्यावर सालं तरंगत होती. मी हातपाय धुतले आणि समोर बसले. सोलायला लागले. दाणा दाबायचा, तो टुपकन निघतो. साल इकडे, सोललेली डाळिंबी तिकडे. अर्धी परात झाली तरी मी बोलले नाही.

"काय झालं?" आई म्हणाली.

"मला प्लेट्स आणायला सांगितल्यात."

"आनि बिरडं?"

"नको म्हणाल्या. त्रास नको म्हणाल्या."

आईचे हात थांबले नाहीत. मला वाटलं होतं थांबतील. तिने आणखी पाच-सहा दाणे सोलले.

"अंगनवाडीत लागले ना मी," ती म्हणाली, "तवा पैल्या वर्षी खिचडी दुसरी बाई शिजवायची. तिच्या घरून शिजवून आनायची. मला केळी दिलेली. केळी वाटायची पोरांना."

"म्हणजे?"

"केळी सालासकट असतात ना."

 आईने अंगणवाडीतली सगळी वर्षं आम्हाला सांगितली होती. कोणतं पोर पहिल्यांदा काय बोललं, कुणाला गोवर आला, सगळं. हे कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मंग काय? वाटली." ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षी ती बाई सोडून गेली. मंग आली चूल माझ्याकडं. आता तीच पोरं मोठी झाली, रस्त्यात भेटली की 'मावशी, तुमच्या खिचडीसारखी खिचडी नाय कुठं' बोलतात. दिवस काढायचे असतात, बाय. प्लेटी घेऊन जा. तुजं काम होतंय ना? मामा हाय ना तिचा? मंग."

"तुला राग नाही आला?"

"राग येऊन काय करू? पगार बंद झाला असता."

तिच्या आवाजात काही नव्हतं. दुःख नव्हतं, धीर देणं नव्हतं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं. आणि मला कळलं की ते दार ओढून घ्यायला मी कुणाकडून शिकले.

शनिवारी सकाळी तिने बिरडं केलं. भिजवलेले वाल टाकायचे थोडेच? खोबरं, कोकम, गूळ, सगळं घालून केलं. थोडं शेजारी दिलं. आम्ही तिघांनी खाल्लं. चव आठवत नाही.

पनवेलला उतरून बाजारातून प्लेट्स घेतल्या. दुकानदाराने विचारलं, "पार्टी हाय काय?" मी हो म्हणाले.

*

मैत्रेयी ताई राहते त्या टॉवरचं क्लब हाऊस. काचेच्या भिंती. बाहेर तरणतलाव. टेबलावर पांढरी चादर, त्यावर डब्यांची रांग. प्रत्येक डब्यासमोर नावाची चिठ्ठी. आत गेल्यावर मी प्लेट्सचं पुडकं सोडलं आणि टेबलाच्या टोकाला त्या रचून ठेवल्या. नीट रचल्या, कडा जुळवून. "थँक यू, लाइफसेव्हर!" मैत्रेयी ताई म्हणाली आणि तिने मला मिठी मारली.

ती मिठी खोटी नव्हती. मला वाटतं हेच लोकांना समजावून सांगणं सगळ्यात अवघड आहे. त्या वाईट नव्हत्या. मी मूट जिंकते, माझं इंग्रजी ड्राफ्टिंग चांगलं आहे, मी त्यांना खरोखर हवी होते. त्यांच्याबरोबर फोटोत हवी, टीममध्ये हवी. मिठीतसुद्धा चालत होते. फक्त एका जागी नको होते. तोंड जिथे सुरू होतं तिथे.

घास सुरू झाले. सायलीचं पहिलं नाव. तिच्या ताईने खिचड्यातली कोलंबी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली, तोंडात टाकली, डोळे मिटले. टाळ्या. मग सायलीला भरवलं. सायली लाजली. "हिच्या आईला दत्तक घ्या रे कुणीतरी!" हशा. मग पुरणपोळी. दडप्या पोह्यांच्या वेळी एक जण खरंच रडली.

ज्या प्युअर व्हेज होत्या त्या पुरणपोळीच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांना कुणाच्या भांड्यांची काळजी नव्हती. कोलंबीचा चमचा दह्याच्या वाडग्यात गेला तेव्हा एकीने नुसतं "ईऽऽ" केलं आणि हसली.

माझं नाव आलं.

टेबलाच्या शेवटी, जिथे माझा डबा असता, तिथे रेवा ताईने एक चॉकलेट ठेवलं होतं. मोठं. सोनेरी रिबीन बांधलेलं. खाली माझ्या नावाची चिठ्ठी, बाकीच्यांसारखीच, तसंच फूल काढलेलं.

"सरप्राइज!" ती म्हणाली. "तुला काय वाटलं, तुझा घास राहील? मी स्पेशल आणलंय. अर्धं तू, अर्धं मी."

तिने चॉकलेट उचललं. रिबीन सोडली. वरचा कागद फाडायला लागली. आतून चांदीचा कागद. तोही काढायला लागली.

केळी सालासकट असतात ना.

कुणी माझ्या कानात बोलल्यासारखं ऐकू आलं. आणि माझ्या आत सगळं एकदम थंड, स्वच्छ झालं. रागाने नाही. एखादं कलम वाचताना तिसऱ्यांदा वाचल्यावर जसा अर्थ लागतो, तसं. म्हणजे यांनी विचार केला होता. आधी ठरवलं होतं. कुठल्या हाताचं काय चालेल, कशावर आवरण हवं, याच्यावर बोलणं झालं होतं. कदाचित भरपूर वेळ. आणि मग त्यातून त्यांनी प्रेमाने, खर्च करून, रिबीन बांधून एक वाट काढली होती. माझ्या आईच्या वेळी निदान रिबीन नव्हती.

"रेवा ताई, हे का?" मी विचारलं.

"अगं, तुझा डबा नाही ना."

"माझा डबा होता. तुम्ही नको म्हणालात."

"ए, ते झालंय ना आपलं बोलून. प्युअर व्हेजचं—"

"सायलीच्या डब्यात कोलंबी आहे."

सायलीने आपल्या डब्याकडे बघितलं. तिने काही केलं नव्हतं. तिचं आडनाव चालणारं होतं, एवढंच. मागून कुणीतरी हसू दाबलं. कुणीतरी व्हिडिओ बंद केला, त्याचा टुंग असा आवाज आला.

मैत्रेयी ताई पुढे आली. आवाज खाली आणून म्हणाली, "ए प्लीज हं. आज नको. सगळ्यांचा मूड जाईल. इथे असलं कुणी काही मानत नाही. तू उगाच जात आणू नकोस मध्ये."

"मी प्लेट्स आणल्या, ताई. बाकीचं इथेच होतं."

 माझा आवाज चढला नव्हता. मूटमध्ये सुरुवातीला चढायचा, नंतर मी तो खाली ठेवायला शिकले होते. त्याचा उपयोग झाला.

रेवा ताईने माझं मनगट धरलं. तिचे डोळे भरले होते. माझे नव्हते. ती अगदी हळू म्हणाली, "मामाशी बोलणं झालंय माझं. तू एका चॉकलेटसाठी सगळं घालवतेयस. विचार कर ना जरा."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू? तिथे उभ्या उभ्या केला. मे महिना. हायकोर्टाचा जिना. माझ्या बायोडेटावर त्या माणसाचं नाव. अर्ध्या चॉकलेटचं काय एवढं? तोंड उघडायचं, घ्यायचं, टाळ्या. आई म्हणालीच होती, दिवस काढायचे असतात. तिसऱ्या वर्षी चूल येते आपल्याकडे.

पण चूल आल्यावर मी काय करणार होते? पुढच्या वर्षी मी ताई होणार. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार. समोर माझ्यासारखी एक बसणार. आणि यादीची वही माझ्या हातात असणार.

"मी येत नाही," मी म्हणाले. "माझं नाव काढा."

मनगट सोडवून घेतलं. चप्पल घातली. बाहेर आले. जिंकल्यासारखं वाटलं नाही. भर दुपार होती. बसस्टॉपवर बसले. दोन बस गेल्या तेव्हा लक्षात आलं की त्यातली एक आपली होती.

*

आई चिडली. तिला एवढी चिडलेली मी पाहिली नव्हती. "तोंड चालवून काय भेटलं? सांग ना. एक दिवस गप बसली असतीस. आमी काय गप बसलो नाय? आमाला काय तोंड नवतं?" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची.

बाबा संध्याकाळी कामावरून आले. त्यांना आईनेच सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आणि मला विचारलं, "मारलं नाय ना कोनी?"

"नाही."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

त्या 'ठीक हाय'वर मी अजून विचार करते.

सोमवारी मी तक्रार लिहिली. पत्रकासारखी नाही. 'जाहीर निषेध' नाही, उद्गारचिन्ह नाही. तारीख, वार, जागा, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. कॉलेजात समान संधी कक्ष असतो. असतो म्हणजे त्याची पाटी असते. पाटीखालच्या खोलीत झेरॉक्स मशीन आहे. तिथल्या मॅडमनी तक्रार वाचली, चष्मा काढला, पुसला.

"हे कॉलेजच्या बाहेर झालंय ना? मुलींचा खासगी कार्यक्रम होता."

"यादी कँटीनमध्ये झाली. कार्यक्रमाच्या पोस्टरवर कॉलेजचं नाव आहे," मी म्हणाले आणि पोस्टरची प्रत जोडलेली दाखवली.

त्यांनी शिक्का मारला. नाइलाजाने मारला, पण मारला.

पुढचे पंधरा दिवस कुणी मला शिवी दिली नाही. फक्त मी बसले की बाकावरची एक जण फोन आला म्हणून उठायची. मूटच्या टीममधून नाव गेलं, "टीम केमिस्ट्री" असं कारण आलं. सायली एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, "तू माझ्या डब्याचं नाव घ्यायला नको होतंस. मी तुझं काय केलं होतं?" मी म्हणाले, "काही नाही." ते खरंच आहे. तिने काही केलं नव्हतं. ती तिथे उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत होती.

मग परवा मॅडमनी बोलावलं. या वेळी चहा मागवला. बिस्किटंही.

"हे बघ बेटा, मी मुलींशी बोलले. त्यांना खरंच वाईट वाटतंय. रेवा तर जेवत नाहीये म्हणे. त्या माफी मागायला तयार आहेत. आणि ऐक, कार्यक्रम परत करायचा, इथे, कॉलेजात. तू आईचा डबा आण. त्या सगळ्या खातील. माझ्यासमोर. मी लिहून घेतलंय त्यांच्याकडून."

त्यांनी कागद पुढे केला. खरंच लिहून घेतलं होतं. आम्ही खालील विद्यार्थिनी. खाली सह्या.

मी ते दोनदा वाचलं. आईच्या हातचं खाण्यासाठी बावीस मुलींनी सही केली होती. दंड भरावा तसं.

"आणि हे," मॅडम म्हणाल्या. दुसरा कागद. रेवा ताईच्या मामाच्या ऑफिसचं पत्र. पूर्ण मे आणि जून. माझं नाव छापलेलं, बरोबर छापलेलं. "तक्रार मागे घेतलीस की आज हे तुझं. तू हुशार मुलगी आहेस. घरची परिस्थिती बघ. असली संधी तुझ्यासारख्या मुलीला दोनदा येत नाही."

तिसरा कागद कोरा होता. फक्त खाली पेन्सिलने एक फुली. तिथे मी सही करायची होती, वरचं त्या लिहून घेणार होत्या.

"माझ्या आईचं जेवण शिक्षा म्हणून कुणी खाऊ नये," मी म्हणाले. "आणि मला तो मे महिना नको."

"इमोशनल होऊ नकोस."

मी इमोशनल नव्हते. तेच तर. आत सगळं बधिर आहे, त्या शुक्रवारपासून. जाईल की नाही माहीत नाही. पण बधिर हातानेही कागद परत सरकवता येतो. मी तिन्ही परत सरकवले.

आई म्हणते सही कर. रोज म्हणते. मी तिच्याशी भांडत नाही. तिने केळी वाटली म्हणून मी लॉ कॉलेजात आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण तिने गप्प बसून जे विकत घेतलं ते हे होतं, की मला गप्प बसावं लागू नये. ते ती आता नाकबूल करते. करू दे.

घरात मी जाणार नाही. त्यांच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या नाही, ज्याच्या दारात आईच्या हाताची तपासणी होते त्या कुठल्याच नाही. मामा मिळणार नाही. जिल्हा न्यायालयात टायपिंग करणाऱ्या एखाद्या बाईच्या शेजारी बसून अर्ज लिहायला शिकेन, पण शिकेन. वकील मी होणार आहे. ते त्यांच्या यादीत नव्हतं, त्यामुळे त्यांना खोडताही येणार नाही.

माझ्या तक्रारीवर कक्षाच्या समितीची बैठक सोमवारी अकरा वाजता आहे. दोन्ही बाजू बोलावल्यात. त्यांच्या बाजूने बावीस जणी येणार असं ऐकते. माझ्या बाजूने मी.

या लिहिण्यात मी सगळ्यांची नावं बदलली आहेत. सोमवारी बदलणार नाही.